बेडकांचा राष्ट्राध्यक्ष, लागोसची मुलगी : आफ्रिकन अ‍ॅनिमेशन नेमकं कुणाशी बोलतं?

१९६६ साली नायजरमध्ये (नायजेरिया नव्हे, त्याच्या डोक्यावर बसलेला वाळवंटी देश) मुस्तफा अलासान नावाच्या तरुणाने पाचेक मिनिटांचा काळापांढरा कार्टूनपट काढला. नाव 'बों व्हॉयाज सिम'. सिम हा बेडकांच्या प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष. शेजारच्या राष्ट्राचं आमंत्रण येतं, साहेब लवाजम्यासह दौऱ्यावर निघतात, तिकडे सरकारी पाहुणचार यथासांग पार पडतो आणि परत येऊन बघतात तर खुर्ची गेलेली. गोष्ट एवढीच. पण ते वर्ष बघा. जानेवारीत नायजेरिया आणि अप्पर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) या दोन्ही देशांत लष्कराच्या उठावात सरकारं गेली. फेब्रुवारीत घानाचे अध्यक्ष क्वामे न्क्रुमा हनोईच्या दौऱ्यावर निघाले आणि बीजिंगला पोचेपर्यंत मागे अक्रामध्ये त्यांचंही सरकार उलथलं. त्या भागातल्या माणसाला हा बेडूक कोण, हे फोड करून सांगायची गरजच नव्हती.

आफ्रिकन अ‍ॅनिमेशनवर काही वाचायला घेतलं की पहिल्या दोन वाक्यांतच 'समृद्ध लोककथा', 'रंगांची उधळण', 'ढोलांचा ठेका' भेटतात. त्यातून हाती काही लागत नाही. सिंह, गवताळ माळ, लालभडक सूर्य आणि ढोल हा सगळा माल १९९४च्या 'द लायन किंग'मध्येही आहे, आणि तो सिनेमा अमेरिकन कंपनीने काढलेला आहे. ५४ देश, दीड-दोन हजार भाषा, कैरोपासून केप टाउनपर्यंतचा पसारा. त्याची एकच शैली शोधत बसणं फुकट आहे. मला विचाराल तर त्यापेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा : हे चित्र काढताना काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर पहिला प्रेक्षक कोण होता? घरचा, की बाहेरचा?

याचं सगळ्यात जुनं आणि मजेदार उदाहरण इजिप्तचं. फ्रेंकेल हे बेलारूसहून निघून जाफामार्गे इजिप्तला आलेलं ज्यू कुटुंब, व्यवसाय फर्निचरचा. घरातल्या तीन भावांना मिकी माऊस बघून कार्टून काढायचं वेड लागलं. १९३६मध्ये कैरोत त्यांचा 'माफिश फायदा' (काही फायदा नाही) हा छोटा चित्रपट पडद्यावर आला. त्यातलं पात्र म्हणजे मिशमिश एफेंदी. अरबी बोलणारा, डोक्यावर लाल गोंड्याची टोपी म्हणजे तारबूश, कैरोच्या रस्त्यावर सहज दिसावा असा इसम. लोकांना तो आवडला. पुढे देशाच्या संरक्षणनिधीच्या प्रचारालाही मिशमिशला जुंपण्यात आलं. मग १९४८च्या अरब-इस्रायल युद्धानंतर ज्यूंसाठी बिघडलेलं वातावरण, आणि १९५१मध्ये कुटुंब फ्रान्सला गेलं. तिथे मिशमिशचा 'मिमिश' झाला आणि डोक्यावरचा तारबूश उतरला. काढणारे हात तेच होते, प्रेक्षक तेवढा बदलला होता.

आता गोष्ट सांगण्याच्या पद्धतीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली गोष्ट सुरू करताना सांगणारा म्हणतो, "पौक्वा!" आणि ऐकणारे ओरडतात, "पाकावा!" नायजेरियातल्या योरुबा घरात "आलो ओ!" अशी हाक येते आणि पोरं "आलो!" म्हणून ती परत करतात. आपल्याकडे आजी "हं म्हण, नाहीतर गोष्ट पुढे जाणार नाही" म्हणून दम द्यायची, त्यातलाच प्रकार. ऐकणारा नुसता बसून राहत नाही. मधेच गाणं येतं, ते सगळ्यांनी म्हणायचं. सांगणारा समोर बसलेल्या एखाद्याला चिमटा काढून घेतो, तोही हसतो.

आणि नायक? तो बहुतेक वेळा शूर नसतोच. घानातल्या अकान लोकांचा आनान्से हा कोळी, पूर्वेकडचा सुंगुरा म्हणजे ससा, योरुबांचं इजापा नावाचं कासव. सगळे अंगाने किरकोळ, पोटाने भुकेले, डोक्याने तल्लख आणि बऱ्यापैकी लबाड. कधी हत्तीला बनवतात, कधी स्वतःच मार खातात. चांगल्याचं चांगलं आणि वाईटाचं वाईट, असा हिशोब दरवेळी जुळतोच असं नाही. हॉलीवूडच्या कार्टूनचा साचा याच्या उलटा : नायकाला काहीतरी हवं असतं, वाटेत संकट येतं, तो 'स्वतःला ओळखतो', शेवटी मिठी. आनान्सेला या साच्यात बसवायचं तर त्याला आधी सुधारावं लागेल. सुधारलेला आनान्से मग कशाला बघायचा?

पश्चिम आफ्रिकेत यात ग्रिओंची भर पडते. माली, सेनेगल, गिनी या पट्ट्यातले हे पिढीजात कथेकरी; कोरा नावाचं तंतुवाद्य वाजवून वंशावळी आणि पराक्रम गाणारे. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंजाता केताची गाथा शतकानुशतकं तोंडपाठ टिकली ती यांच्यामुळे. पडद्याला मात्र समोरचा "पाकावा" ऐकू येत नाही, ही अ‍ॅनिमेशनवाल्यांची अडचण. म्हणून बरेच जण ग्रिओलाच गोष्टीत आणून बसवतात. सेनेगलच्या डाकारमध्ये १९९८मध्ये सुरू झालेल्या पिक्टून स्टुडिओने तर 'काबोंगो' नावाच्या ग्रिओवरच मालिका केली. सुंजाताच्या बालपणावर आयव्हरी कोस्टच्या आफ्रिकातून स्टुडिओने २०१४मध्ये पूर्ण लांबीचा थ्रीडी चित्रपट काढला.

इथे एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगून टाकतो. स्वाहिली किनाऱ्यावर माकड आणि शार्क यांची कथा आहे. दोघांची मैत्री, शार्क माकडाला पाठीवर घेऊन खोल पाण्यात जातो आणि सांगतो की आमच्या सुलतानाला औषधासाठी माकडाचं काळीज हवंय. माकड म्हणतं, अरे, आधी नाही का सांगायचंस, आम्ही काळीज झाडावरच ठेवून येतो. पुढचं तुम्हाला पाठ आहे. पंचतंत्रातली मगर 'कलिला व दिम्ना' या त्याच्या अरबी रूपांतराच्या आणि हिंदी महासागराच्या वाटेने तिकडे पोचली आणि शार्क झाली. १८७०मध्ये छापलेल्या स्वाहिली कथासंग्रहात ती सापडते. 'अस्सल आफ्रिकन' म्हणून एखादी गोष्ट पुढे केली जाते तेव्हा तिच्या अंगावर अशी किती बंदरांची माती असेल, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुन्हा कारागिरांकडे. अलासानने कॅमेरा हाती येण्याआधी गावात सावल्यांचे खेळ करून दाखवले होते. पुढे फ्रेंच चित्रपटकार झाँ रूश यांच्या ओळखीने तो कॅनडाला गेला आणि नॉर्मन मॅक्लारेन या प्रयोगशील अ‍ॅनिमेटरच्या हाताखाली शिकला. मॅक्लारेन रिकाम्या फिल्मवर थेट रेघा ओढणारा माणूस. म्हणजे स्टुडिओ, साहित्य, माणसं यातलं काहीही नसताना काय करता येतं, हे शिकायला याहून चांगला गुरू मिळाला नसता. परत येऊन अलासानने कागद, कापड, बाहुल्या, मिळेल ते वापरलं.

काँगोत (तेव्हाचं झाईर) झाँ-मिशेल किबुशी यांनी १९९१मध्ये तेतेला लोकांच्या एका कथेवरून बेडूक सासुरवाडीला जातो त्याची फिल्म केली. तिथला हा पहिला अ‍ॅनिमेशनपट मानला जातो. (बेडूक पुन्हा! पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या अ‍ॅनिमेशनने सिंहापेक्षा बेडकावर जास्त प्रेम केलं असावं.) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पगार न मिळालेले सैनिक किन्शासात दंगल आणि लुटालूट करत सुटले. त्यावरची किबुशींची पुढची फिल्म मुलांनी काढलेल्या चित्रांतून उभी राहिली. वर्तमानपत्रातला फोटो जे दाखवत नाही ते पोराच्या वाकड्यातिकड्या रेघेत येतं.

इतकी उदाहरणं सांगायचं कारण एवढंच, की अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, हे समीकरण इथे सुरुवातीपासूनच लागू पडत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज यांचं काम बघा. ते एका मोठ्या कागदावर कोळशाने चित्र काढतात. चालत कॅमेऱ्याकडे जातात, एक-दोन फ्रेम टिपतात. परत येऊन चित्राचा थोडा भाग पुसतात, नवीन रेघ काढतात, पुन्हा कॅमेरा. साध्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक हालचालीला नवा कागद लागतो, इथे अख्खा प्रसंग एकाच कागदावर घडतो. कोळसा कधीच पूर्ण पुसला जात नाही. माणूस चालत पुढे गेला तरी तो आधी जिथे होता तिथे करडा डाग राहतो. १९८९पासून त्यांनी अशा फिल्म्सची मालिकाच केली; त्यात सोहो एक्स्टाइन नावाचा जोहान्सबर्गचा खाणमालक आहे, त्याच्या पोटाखाली जमिनीत राबणारे मजूर आहेत. १९९४च्या निवडणुकीच्या तोंडावर केलेल्या 'फेलिक्स इन एक्झाईल'मध्ये मारल्या गेलेल्यांची शरीरं माळरानात विरघळत जातात. वर्णभेदाच्या काळात काय घडलं ते विसरून पुढे जाऊ म्हणणाऱ्या देशाला, पुसलेल्याचाही डाग राहतो हे दाखवायला यापेक्षा नेमकं तंत्र सापडणं कठीण. इथे तंत्र हाच आशय झाला आहे.

केनियाच्या न्गेन्डो मुकी यांची २०१२ची 'यलो फीव्हर' ही फिल्म तर आपल्या घरातली वाटेल. विषय : त्वचा उजळवणारी क्रीम्स. मुकी आपल्या लहानग्या भाचीशी बोलतात आणि ती पोरगी निरागसपणे सांगते की तिला गोरं व्हायला आवडेल. 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' वाचत मोठे झालेल्या आपल्याला यावर वेगळं भाष्य नको.

आता अवघड भाग. इतक्या गोष्टी आणि इतके कारागीर असतानाही आफ्रिकेतली बहुतांश मुलं परदेशी कार्टूनं बघतच का मोठी झाली? उत्तर संस्कृतीत कमी आणि हिशोबात जास्त आहे.

अकरा मिनिटांचा एक भाग घ्या. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर होतात १५,८४०. एक चित्र दोन फ्रेम वापरलं (तशी पद्धत आहे) तरी जवळपास आठ हजार चित्रं. थ्रीडीत हातकाम कमी होतं, पण संगणक रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात, आणि नायजेरियातल्या लागोससारख्या शहरात वीज गेली की जनरेटर, म्हणजे डिझेल. हा खर्च अमेरिकेतली किंवा जपानमधली कंपनी आपल्याच बाजारात वसूल करून घेते. वसूल झालेल्या मालाची जास्तीची प्रत विकायला तिला जवळपास काहीच खर्च येत नाही, त्यामुळे लहान देशाच्या वाहिनीला ती मालिका मातीमोल भावात मिळते. स्थानिक निर्मात्याला मात्र सगळा खर्च त्याच लहान बाजारातून काढायचाय. वाहिनीचा माणूस दुष्ट नसतो, त्याच्यासमोर दोन आकडे असतात आणि तो लहान आकडा निवडतो. मग निर्माता पैशासाठी बाहेर बघतो, आणि पैसा बाहेरून आला की 'हे आमच्या मुलांना कळेल का?' हा प्रश्नही बाहेरूनच येतो.

'टिंगा टिंगा टेल्स' हे याचं गोड उदाहरण. एडवर्ड सैदी टिंगाटिंगा हा दार-एस-सलामचा चित्रकार हार्डबोर्डच्या चौकोनी तुकड्यांवर सायकलीच्या एनॅमल रंगाने प्राणी रंगवायचा; सपाट पार्श्वभूमी, अख्खा चौकोन व्यापणारा बिबट्या, अंगभर ठिपके. पर्यटक घेऊन जायचे. १९७२मध्ये पोलिसांनी चुकून चोर समजून गोळी घातली आणि तो गेला, पण त्याची शैली शिष्यांनी चालू ठेवली. त्या शैलीत ब्रिटिश निर्मात्यांनी ५२ भागांची मालिका केली, काम झालं नैरोबीच्या होमबॉईझ स्टुडिओत, आणि २०१०मध्ये ती बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर आली. दिसायला देखणी, आणि नैरोबीत अ‍ॅनिमेटरांची एक पिढी तिने तयार केली, हे मोठंच काम. पण गोष्टी खंडभरातून वेचलेल्या, चित्रशैली टांझानियाची, आणि प्रत्येक भागाला 'हत्तीला सोंड का असते' छापाचा नीटस शेवट. सगळ्या आफ्रिकेचं एक गोजिरवाणं गाव झालं. पहिला प्रेक्षक लंडनमधलं चार वर्षांचं पोर असेल तर असंच होणार.

याच मापाने 'किरिकू' मोजायला गेलं तर मात्र फजिती होते. १९९८चा हा चित्रपट मिशेल ओसेलो या फ्रेंच माणसाचा. म्हणजे बाहेरचा? पण त्याचं बालपण गिनीत गेलेलं. मूळ फ्रेंच आवाज डाकारमध्ये सेनेगली माणसांचे आणि मुलांचे घेतले, संगीत सेनेगली गायक युसू एन्दूरचं. गोष्टीत आईच्या पोटातूनच बोलणारं बाळ आहे, आणि आई त्याला सांगते, पोटातून बोलता येतं ना, मग जन्मही स्वतःचा स्वतः घे. गावातल्या बायका कमरेच्या वर काही न घालता वावरतात, जशा त्या काळच्या गावात वावरत. इंग्रजी बाजारातल्या वितरकांनी म्हटलं, बायकांना कपडे घाला. ओसेलोने नकार दिला. फ्रान्समध्ये दहा लाखांवर तिकिटं विकली गेली, अमेरिकेत तो सिनेमा कडेलाच राहिला. दिग्दर्शकाचा पासपोर्ट बघून निकाल लागत नाही, हे किरिकूने मला पटवलं. दबाव आल्यावर कुणाचं ऐकलं ते बघायचं.

घरच्या प्रेक्षकासाठी काढणारेही आहेत, पण त्यांची चर्चा महोत्सवांत कमी होते, कारण त्यांची कार्टूनं देखणी नसतात. दार-एस-सलामच्या उबोंगो संस्थेची 'उबोंगो किड्स' २०१४पासून टांझानियात चालू झाली. स्वाहिलीतून गणित आणि विज्ञान, गाण्यांत. भाग बघता बघता मुलांनी साध्या बटनाच्या फोनवरून उत्तर एसएमएस करायचं, तिकडून शाबासकी यायची. ग्रिओ पडद्यात बसवण्याची कसरत करणाऱ्यांना जे साधलं नाही ते यांनी एसएमएसने साधलं : पडद्याला "पाकावा" ऐकू आला. अबुजाच्या अदामू वझिरींची 'बिनो अँड फिनो' हीसुद्धा अशीच. आजी-आजोबांबरोबर शहरात राहणारी भावंडं, साधं घर, शाळा. झोपडी नाही, सिंह नाही. नायजेरियातल्या शहरी मुलाला आपल्यासारखं घर कार्टूनमध्ये दिसणं, एवढीच तिची क्रांती.

मोठा पैसा आला तो अलीकडे. केप टाउनचा ट्रिगरफिश स्टुडिओ १९९६पासूनचा. बीबीसीसाठी 'स्टिक मॅन', 'झॉग' अशा ब्रिटिश पुस्तकांवरच्या फिल्म्स करून त्याने हात बसवला. दुसऱ्याच्या गोष्टीवर मजुरी करत कसब कमवायचं, हा रस्ता भारतीय स्टुडिओंनाही चांगलाच ठाऊक आहे. २०१५मध्ये त्यांनी खंडभरातून कथा मागवल्या. जवळपास चौदाशे आल्या. त्यात झांबियाच्या मलेंगा मुलेंडेमा यांची एक होती, ती जुलै २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर 'सुपा टीम ४' म्हणून आली. भविष्यातलं लुसाका, चार शाळकरी मुली आणि जग वाचवायचंय पण पैसे बेताचे अशी निवृत्त महिला हेर. त्याच महिन्यात डिस्ने प्लसवर 'किझाझी मोटो' हा दहा छोट्या फिल्म्सचा संच आला. त्यातली झिंबाब्वेची 'मुकुद्झेई' बघाच : व्हिडिओ बनवणारा एक तरुण ग्रेट झिंबाब्वेच्या प्राचीन दगडी अवशेषांची विटंबना करतो आणि थेट अशा जगात जाऊन पडतो जिथे इंग्रज आलेच नाहीत. अवकाशयानं आणि लेझर सगळीकडे असतात, हा प्रश्न मात्र तिथलाच माणूस विचारू शकतो.

आणि 'इवाजू'. कुगाली या छोट्या कंपनीतल्या तिघा मित्रांनी २०१९मध्ये बीबीसीला सांगितलं होतं की आफ्रिकेत आम्ही डिस्नेला धूळ चारणार. डिस्नेने ती मुलाखत बघितली आणि त्यांनाच बोलावून घेतलं. २०२४मध्ये सहा भागांची मालिका आली. भविष्यातलं लागोस, पाण्यापलीकडच्या बेटावर श्रीमंतांची तोला, इकडे मुख्यभूमीवर तिचा गरीब पण यंत्रांत हुशार मित्र कोले. बोलणं नायजेरियन ढंगाच्या इंग्रजीत, गुळगुळीत न केलेलं. तरी अ‍ॅनिमेशनचं मोठं काम झालं ते सिनेसाइट या परदेशी स्टुडिओत. गोष्ट लागोसची, पगार दुसरीकडे. कौतुक करताना हे विसरू नये.

परदेशी पाहुणे कायम राहत नाहीत, हेही कळून चुकलंय. जानेवारी २०२४मध्ये अमेझॉन प्राइमने आफ्रिकेत नव्या मालिका काढणं थांबवलं. म्हणून रॉय ओकुपे यांचा मार्ग बघण्यासारखा आहे. या नायजेरियन लेखकाने आधी स्वतःच्या कॉमिक्स काढल्या, पात्रांची मालकी हातात ठेवली, वाचक जमवले. त्यातली 'इयानू', योरुबा पुराणकथांवर उभी राहिलेली, एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर आली आणि आफ्रिकेतही दाखवली गेली.

बघायला कुठून सुरुवात करावी? घरात लहान मुलं असतील तर 'बिनो अँड फिनो' आणि 'उबोंगो किड्स' यूट्यूबवर आहेत, गाणी भाषा न कळताही आवडतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना 'सुपा टीम ४'. स्वतःसाठी केंट्रिज, पण घाईत नको. आणि सिम कुठे सापडला तर पाचच मिनिटं लागतात.